बोलण्याआधीचे काम : नामदार गोखले यांच्या भाषणांवरून काही विचार

मागील महिन्यात एका रविवारी सकाळी आर. के. पुरममधील आमच्या सरकारी घरी एक तरुण अधिकारी भेटायला आल्या. मूळच्या परभणी जिल्ह्यातल्या. दिल्लीत येऊन जेमतेम वर्ष झालेले. संसदेच्या स्थायी समितीपुढे त्यांच्या विभागाची साक्ष व्हायची होती आणि त्यातील एका विषयाचे निवेदन करण्याचे काम वरिष्ठांनी त्यांच्यावर सोपवले होते. चहाचा कप हातात तसाच धरून त्यांनी विचारले, "सर, ऐकणाऱ्याला पटेल असे बोलायचे कसे? मी बोलायला उभी राहिले की माझाच आवाज मला परका वाटतो."

त्यांनी एका प्रशिक्षण वर्गालाही हजेरी लावली होती. नजर कुठे ठेवावी, हात कसे ठेवावेत, कुठे थांबावे, पडद्यावर एका वेळी किती ओळी दाखवाव्यात, हे सारे त्यांनी वहीत टिपून घेतले होते. या गोष्टी निरुपयोगी आहेत असे मी म्हणणार नाही. परंतु वही चाळून झाल्यावर मी त्यांना विचारले, "समितीतल्या एखाद्या सदस्याने तुमच्या तिसऱ्या आकड्याचा आधार विचारला तर काय सांगाल?" त्या गप्प झाल्या. मग मी कपाटातून नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्या भाषणांचा जुना खंड काढला आणि आमचे बोलणे दोन तास लांबले. त्या दिवशी जे विस्कळीतपणे बोललो ते जरा नीट मांडावे, म्हणून हा लेख.

एक गोष्ट आधी सांगायला हवी. आर. के. पुरम ही केंद्र सरकारी नोकरांची वसाहत. एकाच जिन्यावर तमिळ, बंगाली, गढवाली आणि मराठी कुटुंबे राहतात. घरात मराठी, जिन्यावर हिंदी आणि फाईलवर इंग्रजी, असा आमचा दिवस तीन भाषांत वाटलेला असतो. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या बहुतेक वाचकांची स्थिती याहून फारशी वेगळी नसेल. त्यामुळे 'मला बोलता येत नाही' ही तक्रार आपल्यात जरा जास्तच ऐकू येते, आणि तिचे खापर आपण भाषेवर फोडून मोकळे होतो. गोखल्यांनी आयुष्यातली महत्त्वाची भाषणे परक्या भाषेत, परक्या सत्तेपुढे आणि बहुमत कायम विरुद्ध असलेल्या सभागृहात केली. म्हणून त्यांचे उदाहरण आपल्याला जवळचे आहे.

घडण

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ चा, रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक गावचा. वडील लवकर गेले. थोरल्या भावाने पोटाला चिमटा घेऊन त्यांना शिकवले. १८८४ साली ते मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवीधर झाले आणि पुण्यास न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक म्हणून लागले. पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी इंग्रजी, गणित, इतिहास आणि अर्थशास्त्र शिकवले. पाठांतरासाठी ते विद्यार्थिदशेपासून प्रसिद्ध होते. इंग्रजी ग्रंथांची पानेच्या पाने त्यांना मुखोद्गत असत. पाठांतर हा आज थट्टेचा विषय झाला आहे. परंतु परक्या भाषेची वाक्यरचना जिभेवर बसवण्याचा तोच एक मार्ग त्या काळी गरीब विद्यार्थ्याला उपलब्ध होता, आणि गोखल्यांच्या भाषणांतील लांब पण कधीही न अडखळणारी वाक्ये पाहिली की ती मेहनत कुठे गेली हे कळते.

केवळ पाठांतरावर ते थांबले असते तर एक चांगले प्राध्यापक म्हणून त्यांची आठवण राहिली असती. १८८७ च्या सुमारास न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी त्यांची गाठ पडली आणि पुढील चौदा वर्षे, म्हणजे १९०१ साली रानडे वारले तोपर्यंत, त्यांचे दुसरे शिक्षण चालू राहिले. पुणे सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे संपादन गोखल्यांकडे आले होते. सरकारी अहवाल वाचायचे, त्यातील आकडे एकमेकांशी ताडून पाहायचे, त्यावर टिपण करायचे आणि रानड्यांपुढे ठेवायचे. रानडे ते तपासून पुन्हा लिहायला सांगत. आमच्या कार्यालयीन भाषेत बोलायचे तर नव्या अधिकाऱ्याची टिप्पणी वरिष्ठाने लाल शाईने भरून परत करावी, तसा हा प्रकार होता.

या काळातील एक आठवण गोखल्यांनीच पुढे सांगितली आहे. सभेच्या वतीने सरकारला मोठमोठे अर्ज जात आणि सरकारकडून दोन ओळींची पोच येई. इतकी मेहनत कशासाठी, असे तरुण गोखल्यांनी विचारले. त्यावर रानड्यांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा, की हे अर्ज नावापुरते सरकारला असतात. खरे तर ते आपल्या लोकांसाठी आहेत. अशा प्रश्नांवर विचार कसा करायचा हे लोकांनी त्यातून शिकायचे आहे. हे उत्तर लक्षात ठेवावे; त्याचा संबंध पुढे येणार आहे.

१८९७ : एक यश आणि एक माफी

हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी लॉर्ड वेल्बी यांच्या अध्यक्षतेखाली विलायतेत एक राजआयोग नेमलेला होता. त्याच्यापुढे साक्ष देण्यास १८९७ साली गोखले आणि दिनशा वाच्छा लंडनला गेले. गोखले तेव्हा तीस वर्षांचे होते. समोर मुरलेले अर्थतज्ज्ञ आणि निवृत्त अधिकारी. लेखी निवेदन देऊन सुटका नव्हती. त्यावर उलटतपासणी होत असे. गोखले या तपासणीतून उत्तम प्रकारे पार पडले. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे, न विचारलेल्याच्या मागे धावायचे नाही आणि आकडा सरकारी कागदातलाच द्यायचा, अशी त्यांची पद्धत होती.

त्याच मुक्कामात त्यांच्या हातून एक चूकही झाली. पुण्यात प्लेग पसरला होता. रँडच्या हाताखाली गोरे सैनिक घरे तपासत फिरत होते आणि लोक त्रस्त झाले होते. पुण्याच्या मित्रांकडून गोखल्यांना पत्रे आली. त्यांत स्त्रियांवरील अत्याचाराचे गंभीर आरोप होते. गोखल्यांनी ते विलायतेतील वर्तमानपत्राला सांगितले. मुंबई सरकारने पुरावा मागितला. दरम्यान २२ जून १८९७ रोजी चापेकरांनी रँडवर गोळी झाडली, पुण्यात धरपकड सुरू झाली आणि टिळकांना अटक झाली. गोखले परत आले तेव्हा पत्रे लिहिणारे मित्र पुढे यायला तयार नव्हते, आणि त्यांची नावे सांगणे गोखल्यांना शक्य नव्हते. आपण केलेला विशिष्ट आरोप आपण सिद्ध करू शकत नाही, हे स्वीकारून त्यांनी बिनशर्त माफी मागितली.

सैनिकांच्या वर्तनाबद्दल पुणेकरांच्या तक्रारी खोट्या होत्या, असा याचा अर्थ मुळीच नाही. परंतु जे आपण जाहीरपणे बोललो त्याला आपल्याजवळ आधार नाही, ही वस्तुस्थिती उरत होती. या माफीमुळे स्वदेशात अनेकांनी त्यांना भित्रे ठरवले. ही जखम गोखल्यांना फार दिवस सलत राहिली. पुढच्या काळात पुण्यात प्लेग निवारणाच्या कामात ते स्वतः उतरले. मला या प्रसंगाचे महत्त्व वेगळ्या कारणासाठी वाटते. १९०२ नंतर जे गोखले आपल्याला दिसतात, ज्यांचा एकही आकडा सरकारी बाकांवरून खोडता येत नसे, त्यांचा पाया या माफीत आहे असे मला वाटते.

असे वाटण्याचे कारण थोडे वैयक्तिकही आहे. नोकरीच्या सहाव्या-सातव्या वर्षी एका आंतरविभागीय बैठकीत मी एका योजनेविरुद्ध बोललो होतो. मुद्दा बरोबर होता आणि बोललोही जोरात. बोलण्याच्या भरात आदल्या दिवशी फोनवर ऐकलेला एक आकडा मी दिला. अध्यक्षस्थानी असलेल्या सचिवांनी शांतपणे विचारले, "हे कोणत्या वर्षाचे आणि कुठून घेतले?" माझ्याकडे उत्तर नव्हते. त्यांनी पुढच्या विभागाला बोलायला सांगितले. माझे उरलेले चार मुद्दे, जे पूर्ण पुराव्यानिशी होते, कोणी विचारातच घेतले नाहीत. ती योजना मंजूर झाली. पुढे ती फसली, पण त्याचे समाधान मानण्यात अर्थ नव्हता. तो एक आकडा मी गाळला असता तर कदाचित काही जिल्ह्यांचा पैसा वाचला असता.

२६ मार्च १९०२

१८९९ साली गोखले मुंबईच्या कायदेमंडळात गेले आणि १९०२ मध्ये फिरोजशहा मेहतांच्या जागी व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात. या मंडळाची रचना आजच्या वाचकांना विचित्र वाटेल. १८९२ च्या कायद्याने सभासदांना अंदाजपत्रकावर चर्चा करण्याचा अधिकार दिला होता, परंतु मतदानाचा नाही. दुरुस्ती सुचवता येत नसे, आकडा कमी करता येत नसे. बहुमत सरकारी अधिकाऱ्यांचे. म्हणजे भाषण कितीही चांगले झाले तरी एक पैसाही इकडचा तिकडे होणार नव्हता.

कलकत्त्यात २६ मार्च १९०२ रोजी गोखल्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. लॉर्ड कर्झन अध्यक्षस्थानी होते आणि अर्थखाते सर एडवर्ड लॉ यांच्याकडे होते. त्या वर्षी सरकारी तिजोरीत सुमारे ७ कोटी रुपयांची शिल्लक पडली होती. सभागृहात अभिनंदनाचा सूर होता. गोखल्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकले, की या अभिनंदनात सामील होणे आपल्या सदसद्विवेकबुद्धीला मानवत नाही. प्रस्तावना नाही, सुभाषित नाही. पहिल्या वाक्यातच ऐकणाऱ्याला कळले, की हा मनुष्य काय म्हणणार आहे.

त्यांचा युक्तिवाद अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने आजही वाचावा असा आहे. हिंदुस्थान सरकारला दरवर्षी विलायतेत पौंडांमध्ये मोठ्या रकमा द्याव्या लागत. तेथील कर्जाचे व्याज, निवृत्तिवेतने वगैरे. चांदी स्वस्त होत गेली तसा रुपया घसरला आणि १८९४-९५ च्या सुमारास तो १३ पेन्सांच्या आसपास आला. तेवढेच पौंड देण्यासाठी अधिक रुपये लागू लागले. ही तूट भरून काढायची म्हणून आधीच्या वर्षांत कर वाढवले गेले होते : १८८६ मध्ये प्राप्तिकर आला, १८८८ मध्ये मिठावरील कर मणामागे २ रुपयांवरून अडीच रुपये झाला, १८९४ नंतर आयात जकात आणि देशी कापडावरील अबकारी कर आला. १८९३ साली सरकारने टांकसाळी चांदीला बंद केल्या आणि काही वर्षांत रुपया १६ पेन्सांवर स्थिरावला. वाचकांनी स्वतः हिशेब करून पाहावा. १ कोटी पौंड देण्यासाठी १३ पेन्सांच्या दराने सुमारे साडेअठरा कोटी रुपये लागतात. १६ पेन्सांच्या दराने १५ कोटी पुरतात. म्हणजे प्रत्येक कोटी पौंडामागे साडेतीन कोटींची बचत. अडचण संपली, अडचणीसाठी बसवलेले कर मात्र तसेच राहिले.

मग ही शिल्लक कशाची खूण? देशाच्या भरभराटीची, असे अर्थखाते म्हणत होते. गोखल्यांनी विचारले ते असे : १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन भयंकर दुष्काळांतून देश नुकताच बाहेर पडतो आहे, प्रजा कंगाल झाली आहे, आणि तिजोरी मात्र भरून वाहते आहे. याचा अर्थ प्रजा श्रीमंत झाली असा होत नाही. प्रजेकडून गरजेपेक्षा जास्त घेतले जाते आहे, एवढाच होतो. सरकारच्याच आकड्यांनी सरकारचा निष्कर्ष त्यांनी उलटा केला.

आणि शेवट? मिठावरील कर कमी करा, प्राप्तिकराची माफीची मर्यादा ५०० रुपयांवरून वर न्या, कापडावरील अबकारी कर काढून टाका. प्रत्येक मागणी अशी, की सरकारी अधिकाऱ्याला ती फाईलवर घेता यावी. 'गरिबांकडे लक्ष द्या' असे सांगणारे भाषण ऐकून अधिकारी मान डोलावतो आणि घरी जातो. 'मणामागे अडीच रुपये आहे, ते कमी करा' असे कोणी म्हणाले की त्याला नाही म्हणण्यासाठी तरी कारण शोधावे लागते. खुर्चीच्या या बाजूला तीस वर्षे काढल्यावर ही गोष्ट मी खात्रीने सांगू शकतो.

बोलायचे कोणासाठी

मतदानाचा अधिकार नसताना इतकी मेहनत कशासाठी, हा जुना प्रश्न येथे पुन्हा येतो; आणि त्याचे उत्तर रानड्यांनी आधीच देऊन ठेवले होते. गोखले सभागृहात सर एडवर्ड लॉ यांना उद्देशून बोलत होते, पण दुसऱ्या दिवशी ते भाषण देशभरच्या वृत्तपत्रांत जाणार होते. कलकत्त्याचा वकील, मद्रासचा शिक्षक, साताऱ्याचा व्यापारी ते वाचणार होता आणि सरकारचे अंदाजपत्रक आपल्यालाही वाचता येते, हे त्याला कळणार होते. हिंदी माणसाने अर्थमंत्र्याशी त्याच्याच विषयात बरोबरीने बोलावे, ही गोष्ट त्या काळी नवीन होती. एका वाक्यातही त्यांनी सभ्यता सोडली नाही. सभ्यतेमुळे आकड्यांवरून लक्ष उडत नाही, हे त्यांना ठाऊक होते.

गोखल्यांनी त्याच मागण्या पुढच्या वर्षीही केल्या, त्याच्या पुढच्या वर्षीही. १९०३ मध्ये मिठाचा कर २ रुपयांवर आला आणि प्राप्तिकराची मर्यादा १,००० रुपये झाली. १९०५ मध्ये मिठाचा कर दीड रुपया, १९०७ मध्ये १ रुपया. याचे सारे श्रेय एका माणसाच्या भाषणांना देणे इतिहासाला धरून होणार नाही. तिजोरीत पैसा होता, आणि कर्झन सरकारलाही लोकप्रियता नको होती असे नाही. तरी मागणी कागदावर होती, कारणे नोंदवलेली होती, आणि ती खोडणारे उत्तर कोणाजवळ नव्हते. निर्णय घेण्याची वेळ आली की असा तयार कागदच टेबलावर येतो, हा प्रशासनातला माझा अनुभव आहे.

मागचा माणूस

या कथेत एक व्यक्ती आहे जिच्याबद्दल सरकारी नोकराने आवर्जून लिहायला हवे : गणेश व्यंकटेश जोशी. 'सार्वजनिक काका' म्हणून प्रसिद्ध असलेले गणेश वासुदेव जोशी ते हे नव्हेत; नावांच्या साम्यामुळे पुष्कळांची गफलत होते. गणेश व्यंकटेश हे सरकारी शाळेत मुख्याध्यापक होते. हिंदुस्थानच्या अर्थकारणाचा त्यांच्याइतका अभ्यास त्या पिढीत फार थोड्यांचा असेल. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात ते लिहीत, पण लेखावर नाव नसे. वेल्बी आयोगापुढील साक्षीची आणि १९०२ च्या भाषणाची बरीचशी सामग्री त्यांनी जुळवून दिली होती, आणि गोखल्यांनी आपल्या पत्रांतून हे ऋण मोकळेपणाने मान्य केले आहे. जोशी १९११ मध्ये वारले. त्यांचे लेखन पुस्तकरूपाने दुसऱ्या वर्षी, १९१२ मध्ये आले.

आम्ही अधिकारी आयुष्यभर दुसऱ्यांच्या भाषणांची टिपणे लिहितो. मंत्री बोलतात, सचिव बोलतात. आकडे कोणीतरी रात्री जागून तपासलेले असतात. जोशींचे उदाहरण मला धीर देते. परंतु त्याची दुसरी बाजूही पाहायला हवी. जोशींचे टिपण गोखल्यांनी जसेच्या तसे वाचून दाखवले नाही. ते त्यांनी पचवले, उलटसुलट तपासले, त्यावर प्रश्न विचारले आणि मग ते त्यांचे स्वतःचे झाले. म्हणूनच उलटतपासणीत ते टिकले. हाती आलेले टिपण वाचून दाखवणारा वक्ता पहिल्या प्रश्नालाच मागे वळून आपल्या अवर सचिवाकडे पाहतो. हे दृश्य मी इतक्या वेळा पाहिले आहे की आता हसूही येत नाही.

प्रिटोरियाची रात्र आणि मराठी भाषण

ही सवय गोखल्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर १९१२ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेत गेले. त्या दौऱ्याचे वर्णन गांधीजींनी 'दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाचा इतिहास' या पुस्तकात केले आहे. प्रिटोरियास बोथा, स्मट्स इत्यादी मंत्र्यांची भेट ठरली होती. गोखल्यांनी गांधीजींकडून तेथील हिंदी लोकांच्या प्रश्नाचा सारांश लिहून घेतला, तो बारकाईने वाचला आणि शंका विचारून त्यांना भंडावून सोडले. भेटीच्या आदल्या रात्री ते स्वतः झोपले नाहीत आणि इतरांनाही झोपू दिले नाही. तोवर ते देशातील पहिल्या प्रतीचे वक्ते गणले जात होते आणि प्रकृती मधुमेहाने पोखरलेली होती.

त्याच दौऱ्यातील दुसरा प्रसंग बाहेरगावी राहणाऱ्या मराठी वाचकांना विशेष आवडेल. जोहान्सबर्गमध्ये हिंदी लोकांच्या सभेत त्यांनी इंग्रजीऐवजी मराठीत बोलावे, असा आग्रह गांधीजींनी धरला. तेथे कोकणी मुसलमान होते, काही महाराष्ट्रीय होते. बाकीच्यांसाठी हिंदुस्थानी भाषांतर आपण करू, असे ते म्हणाले. गोखल्यांनी हसून त्यांची फिरकी घेतली : तुमची हिंदी मी पाहिली आहे, आता मराठीचे ज्ञान तुम्हाला कुठून प्राप्त झाले? पण त्यांनी ऐकले. त्यानंतर झांझिबारपर्यंत अशा सभांमध्ये ते मराठीतच बोलत आणि गांधीजी भाषांतर करत. मंत्र्यांपुढे इंग्रजी, आपल्या लोकांपुढे मराठी : कोणाशी बोलायचे आहे यावरून भाषा ठरली. आज आपली मुले घरीसुद्धा तिसऱ्याच भाषेत बोलतात तेव्हा मला कोकणातून गेलेल्या त्या श्रोत्यांची आठवण होते.

मंत्र्यांच्या भेटीनंतर गोखल्यांना वाटले की मुक्त झालेल्या गिरमिटियांवरचा ३ पौंडांचा कर आता रद्द होणार. गांधीजींना इतका विश्वास नव्हता. सरकारने पुढच्या वर्षी हात वर केले. १९१३ चा संप झाला, लोक तुरुंगात गेले आणि मगच १९१४ मध्ये तो कर गेला. उत्तम तयारीच्या भाषणाने समोरचा निरुत्तर होतो, पण तेवढ्याने तो शब्द पाळेलच असे नाही. टिळक आणि गोखले यांच्यातील वादाचे मूळही काही अंशी येथेच आहे, आणि या बाबतीत टिळकांची शंका निराधार होती असे मला म्हणता येत नाही.

अडतीस विरुद्ध तेरा

गोखल्यांचा सर्वांत मोठा पराभव प्राथमिक शिक्षणाच्या विधेयकाचा. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी ते मांडले. मागणी अगदी बेताची होती : जेथे शाळेत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण ठराविक मर्यादेपर्यंत पोचले आहे, तेथे स्थानिक संस्थांनी सरकारच्या परवानगीने सहा ते दहा वर्षांच्या मुलांचे शिक्षण सक्तीचे करावे. नेहमीप्रमाणे आधार भक्कम होता. इतर देशांचे अनुभव होते आणि घरचे उदाहरण होते ते बडोद्याचे, जिथे सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये राज्यभर सक्तीचे शिक्षण सुरू केले होते. एका संस्थानाला जमते ते साम्राज्याला का जमू नये, या प्रश्नाला उत्तर नव्हते. तरी १९ मार्च १९१२ रोजी विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले.

हे होणार याची गोखल्यांना कल्पना होती. आपल्या पिढीच्या वाट्याला अपयशातूनच देशाची सेवा करणे आले आहे, अशा अर्थाचे ते तेव्हा बोलले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या ४८ व्या वर्षी ते गेले. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांच्या शिक्षणाचा हक्क २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने मान्य झाला आणि त्याचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. म्हणजे मध्ये अठ्ठ्याण्णव वर्षे गेली. ज्यांनी विरुद्ध मत दिले त्या अडतीस जणांची भाषणे आज कोणी वाचत नाही.

त्या रविवारी निघताना त्या तरुण अधिकाऱ्यांनी वही बंद केली आणि म्हणाल्या, "म्हणजे सर, बोलण्याचा सराव नंतर; आधी आकडे तपासायला हवेत." मी म्हटले, सरावही करा, मोठ्याने करा, घरच्यांपुढे करा; पण प्रत्येक आकड्यापुढे तो कुठून आला हे पेन्सिलीने लिहून ठेवा. जे ठाऊक नाही ते 'ठाऊक नाही, तपासून कळवते' असे सरळ सांगा, आणि खरोखर कळवा. शेवटी नेमके काय हवे ते एका वाक्यात मागा.

साक्ष झाल्यानंतर चार दिवसांनी त्यांचा फोन आला. एका सदस्याने तिसऱ्या आकड्याचा आधार विचारलाच होता. त्यांनी अहवालाचे नाव आणि वर्ष सांगितले. दुसऱ्या एका प्रश्नाला 'तपासून कळवते' असे उत्तर द्यावे लागले. "तेव्हा आवाज थोडा कापला," त्या म्हणाल्या. मी विचारले, "आणि माहिती कळवलीत?" त्या म्हणाल्या, "त्याच संध्याकाळी."